तीस दिवसांच्या आत

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. सुजातापाशीसुद्धा नाही. सुजाता माझी बायको, लग्नाला सव्वीस वर्षं झाली — तिलाही हे इथेच वाचून कळेल. तोंडाने सांगायला दोन-तीनदा बसलो होतो. चहा झाला, पेपर झाला, मग भाजी कुठली आणायची यावर बोलून उठलो. लिहायला सोपं जाईल असं वाटलं, कारण लिहिणं हा माझा धंदाच आहे. खरं म्हणजे जे झालं ते त्या धंद्यापायीच झालं — नाही, हे चुकलं. धंद्यापायी नाही. माझ्यामुळे झालं. पहिल्याच परिच्छेदात मी पळवाट शोधतोय, बघा.

मी सरकारी अनुवादक. आता अधीक्षक आहे, पण बावीस वर्षं अनुवादकच होतो. इंग्रजीत निघालेला आदेश, योजना, अधिसूचना, त्याचं मराठी करायचं. कुठल्या विभागात ते लिहीत नाही. वीज हा विषय तिथे यायचा एवढं पुरे. आम्ही मूळचे गुहागरकडचे, वडील परळला नोकरीला होते, आणि लग्नानंतर मी भाईंदर पूर्वेला इंद्रलोकमध्ये घर घेतलं. पाचवा मजला. शेजारी एकीकडे गुजराती, दुसरीकडे राजस्थानी. लिफ्टमध्ये हिंदी, घरात मराठी, आणि ऑफिसात — ऑफिसात मी जे लिहितो ती कुठली भाषा म्हणायची? तिथूनच सुरुवात करायला हवी.

पण त्याआधी मार्थाबाई.

मार्थाबाई तारोडीच्या, उत्तनच्या बाजूच्या. आमच्याकडे मासे घेऊन यायच्या, आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि रविवारी. बसने स्टेशनपर्यंत, पूल ओलांडून पूर्वेला, आणि डोक्यावर पाटी. दारात पाटी उतरवायला सुजाता हात लावायची. दोघींची गट्टी होती. मार्थाबाई तिला ‘वैनी’ म्हणायच्या, मला ‘भाऊ’. उंच बाई, आवाज मोठा, पण माशाच्या बाबतीत कधी खोटं बोलल्या नाहीत. एखाद्या दिवशी माल बरा नसला तर पाटीवरचं फडकंच उघडायच्या नाहीत. “आज तुमाला देन्यासारखं न्हाय,” म्हणायच्या आणि पाणी पिऊन पुढच्या बिल्डिंगला जायच्या.

त्यांची कायमची रड एकच होती. बोटी दुपारनंतर लागायच्या. बाजार सकाळचा. मधली रात्र मासा टिकवायचा कसा? बर्फ पुरत नसे, आणि बंदरावरचा व्यापारी हे ओळखून असे. संध्याकाळ झाली की तो म्हणेल त्या भावात माल टाकून मोकळं व्हायचं. वर्षानुवर्षं हेच चाललेलं.

आणि मग सरकारची एक योजना आली. महिला गटांनी छतावर सौर पॅनल बसवायचे, त्यावर छोटी कोल्ड रूम चालवायची, पॅनलच्या खर्चाचा मोठा भाग सरकार देणार. दिवसा पॅनलची जी वीज उरेल ती वीज कंपनीच्या तारांत जाईल, रात्री कोल्ड रूमला लागेल ती तारांतून घ्यायची, आणि महिन्याच्या शेवटी दिलेली नि घेतलेली वजा. दिवसाचं रात्री वापरायचं, इतकं साधं. त्या योजनेची मराठी पुस्तिका मी केली. मी ती जीव ओतून केली हो. आमच्या मॅडमनी — त्या आमच्या विभागातल्या वरिष्ठ अधिकारी — बजावून सांगितलं होतं, अशी भाषा पाहिजे की मासळी विकणाऱ्या बाईला वाचता आली पाहिजे. मी लिहिताना खरोखर मार्थाबाईंना डोळ्यांसमोर ठेवलं. ‘तुम्ही’ असं थेट संबोधन. एका वाक्यात एकच गोष्ट. शेवटी चित्र.

त्या पुस्तिकेची एक प्रत मीच मार्थाबाईंना दिली. त्यांनी ती आमच्या दारात बसून वाचली, एकेका शब्दावर बोट ठेवून, आणि म्हणाल्या, “भाऊ, समदं समजलं की.” इतकं बरं मला नोकरीत क्वचितच वाटलं असेल. त्यांचा चौदा बायकांचा गट झाला. अर्ज मी भरून दिला, आमच्याच जेवणाच्या टेबलावर. कोल्ड रूम व्हायला वर्ष लागलं, पण झाली. मार्थाबाई गटाच्या अध्यक्ष. उद्घाटनाला आम्हाला बोलावलं होतं. सुजाता गेली, मी ऑफिसमुळे गेलो नाही. तिने फोटो आणले. पत्र्याच्या छतावर निळे पॅनल आणि खाली ठेवणीतल्या साड्या नेसून उभ्या राहिलेल्या बायका, सगळ्या हसतायत, फक्त मार्थाबाई गंभीर.

तीन वर्षं ती खोली चालली. व्यापाऱ्याला वाट बघावी लागू लागली. मार्थाबाईंची जाऊ आग्नेस, जी आधी या सगळ्याला नावं ठेवायची, तीही गटात आली. हे सगळं मला दर रविवारी दारात ऐकायला मिळायचं. ऐकताना मी मनातल्या मनात फुलायचो — यात माझाही हात आहे म्हणून.

आता पुढचं.

सरकार दिलेली सवलत परत का घेतं? तुम्ही म्हणाल, कुणाचा तरी स्वार्थ असणार. मलाही आधी तसंच वाटायचं. पण मी त्या बैठकांना मागच्या खुर्चीत वही घेऊन बसलोय. मला तिथे एकही दुष्ट माणूस दिसला नाही. दिसला असता तर बरं झालं असतं.

वीज कंपनीचे एक अधिकारी यायचे, थकलेले, सज्जन. ते म्हणायचे, ज्यांचं छत चांगलं, ज्यांचं बिल वेळेवर, नेमके तेच ग्राहक सौरकडे गेले. खांब, तारा, वायरमन हे सगळं आहे तिथेच आहे. त्याचा भार कुणावर पडणार? ज्याच्याकडे छतच नाही त्याच्यावर. हे खोटं नव्हतं. मग म्हणायचे, दुपारी आम्हाला वीज नकोशी झालीय आणि संध्याकाळी पुरत नाही, आणि हे लोक दुपारची देऊन संध्याकाळची नेतात. तेही खोटं नव्हतं. त्याच सुमाराला दुसरीच एक मोठी घोषणा झाली होती, दुसऱ्या आणि जास्त लोकांसाठी, आणि तिला तरतूद हवी होती. मोठमोठ्या सौर प्रकल्पवाल्यांना हात लावायचा विषय निघाला नाही, कारण त्यांच्याकडे जाडजूड करार होते आणि वकील होते. छोट्यांकडे काय होतं? माझी पुस्तिका.

एकदा बैठक संपल्यावर मॅडम फाइल आवरता आवरता म्हणाल्या होत्या, “योजना आणली तेव्हा कुणी येईल असं वाटलं नव्हतं. लोक आले, हीच अडचण झाली.” त्या हे चिडून नव्हे, दमून म्हणाल्या होत्या. माणसं आली की योजना महाग होते आणि महाग झाली की ती चुकीची होती असं वाटायला लागतं — एवढंच मला त्या खोलीत समजलं.

तर नियम बदलला. दिवसा दिलेली वीज दिवसातच वजा होणार, रात्री घेतली तर पूर्ण दर. कोल्ड रूमसाठी याचा अर्थ काय, तुम्हाला वेगळं सांगायला नको. पण विधी शाखेने एक अट घालून घेतली. ज्यांचे पॅनल आधीपासून आहेत त्यांना जुन्या नियमात राहण्याची संधी द्या, नाहीतर कोर्टात टिकणार नाही. तीस दिवसांत वीज कंपनीच्या कार्यालयात एक पानी अर्ज द्यायचा. दिला तर जुनं सगळं तसंच. नाही दिला तर नवीन लागू.

मी त्याचं मराठी केलं. पहिल्या खर्ड्यात असं होतं: ‘तुमच्याकडे आधीपासून सौर पॅनल असतील तर तीस दिवसांत अर्ज द्या. अर्ज दिल्यास तुम्हाला जुनेच नियम लागू राहतील.’

मॅडमनी तो कागद परत पाठवला. कडेला पेन्सिलीने तीन शब्द होते — ‘भाषा शासकीय हवी.’ मी केबिनमध्ये गेलो. त्यांनी वर न बघताच सांगितलं की पर्याय देणं भाग आहे, पण सगळ्यांनीच तो घेतला तर मग एवढं सगळं केलं कशाला. बस, इतकंच. लोकांना कळू देऊ नका असं त्या म्हणाल्या नाहीत. त्यांना म्हणावं लागलं नाही.

मी जागेवर येऊन पुन्हा लिहिलं: ‘प्रस्तुत अधिसूचनेच्या प्रसिद्धीच्या दिनांकापासून तीस दिवसांच्या आत विहित नमुन्यात विकल्प सादर न करणाऱ्या विद्यमान ग्राहकांच्या बाबतीत परिच्छेद चारमधील तरतुदी, परिच्छेद सातमधील परंतुकाच्या अधीनतेने, लागू झाल्या असल्याचे मानण्यात येईल.’

यात चूक एकही नाही. कोर्टात दाखवा, कुठेही दाखवा. आणि आता कबूल करायचंच तर हेही करतो — ते वाक्य मला आवडलं होतं. चांगलं जमलं असं वाटलं होतं. मॅडमनी सही करताना मान डोलावली, तेव्हा बरं वाटलं होतं. ज्या हाताने पुस्तिका लिहिली त्याच हाताने हे. माणसं यायला हवी होती तेव्हा भाषा सोपी होती. जायला हवी होती तेव्हा —

पण हा माझा गुन्हा नव्हे. म्हणजे गुन्हा आहेच, पण मी ज्याबद्दल लिहायला बसलोय तो हा नव्हे. हे मला नोकरी म्हणून झाकता आलं असतं. बरेच जण झाकतात. पुढचं नाही झाकता येत.

अधिसूचना पेपरात छापून आली. त्याच्या आठव्या दिवशी, रविवारी सकाळी, मार्थाबाई आल्या. पाटी उतरवली. सुजाता आत भांडं आणायला गेली. मार्थाबाईंनी कमरेच्या पिशवीतून पेपरचं कात्रण काढलं, चार घड्या घातलेलं. चर्चबाहेर कुणीतरी त्यांना ते दिलं होतं, म्हणे सोलरचं काहीतरी आलंय. त्यांनी वाचायचा प्रयत्न केला होता. मला दिसलं, पहिल्या ओळीखाली पेनाने रेघ होती आणि दुसरीच्या अर्ध्यात ती थांबली होती.

“भाऊ, ह्यो कागद बगा जरा,” त्या म्हणाल्या. “मना काय लागत न्हाय. आमच्या रूमसाठी काय कराचं हाय का?”

मी कात्रण हातात घेतलं. वाचायची गरज नव्हती, तरी वाचल्यासारखं केलं. माझंच वाक्य. बावीस दिवस हातात होते. एक पान लिहायचं होतं. ते मी तिथल्या तिथे, उभ्या उभ्या लिहून देऊ शकत होतो.

मी म्हणालो, “तुमच्यासाठी काही नाही यात. हे नवीन लोकांसाठी आहे. तुम्हाला काही करायचं नाही.”

“नक्की ना?”

“नक्की.”

“मंग बास,” त्या म्हणाल्या आणि कात्रण परत पिशवीत घातलं. सुजाता भांडं घेऊन आली. त्यांनी मांदेली मोजून घातली आणि वर चार जास्तीची टाकली — माझ्याकडे बघून.

का म्हणालो मी तसं? मी या प्रश्नाशी किती वर्षं बसलोय. तुम्हाला काय वाटतं? नोकरीची भीती? त्या वर्षी माझं अधीक्षकपदासाठी नाव होतं, हे खरं. पण तारोडीच्या एका गटाचा अर्ज आला म्हणून कुणी माझ्याकडे वळून बघितलं असतं का? कुणीही नाही. हे मला तेव्हाही माहीत होतं. मग? खरं सांगायचं झालं असतं तर मला हे सांगावं लागलं असतं की हा कागद मी लिहिलाय. आणि मग त्यांनी विचारलं असतं, असा का लिहिला? त्या विचारणार हे मला पक्कं ठाऊक होतं. त्यांना उत्तर देण्यापेक्षा खोटं बोलणं मला सोपं वाटलं. कारण म्हणून एवढंच सापडतं. आणि याच्याही खाली आणखी काहीतरी आहे, जे मला नीट बघवत नाही — की ते वाक्य आपलं काम करतंय हे बघून मला थोडंसं... नाही, समाधान म्हणत नाही. पण त्याच्या जवळचंच काहीतरी होतं.

आणि हे एका क्षणात निसटलं असंही नाही. निसटलं असतं तर मी उद्या सावरलं असतं. त्यानंतर त्या दर मंगळवारी आणि रविवारी आल्याच की. त्या बावीस दिवसांत सहा वेळा. सहाही वेळा मी घरी होतो किंवा ऑफिसला निघता निघता दारात भेटलो. एकदा त्यांनी स्वतःहून विषय काढला — नवघरच्या बाजूला कुणी एक अर्ज दिलाय म्हणे, आपण द्यायचा का? मी म्हणालो, त्यांची केस वेगळी. तिसाव्या दिवशी मी ऑफिसात कॅलेंडरकडे बघत होतो. पाच वाजता वीज कंपनीचं कार्यालय बंद झालं असणार. मी डबा आवरला आणि निघालो.

पुढचं सगळं मला दारातच कळलं, हप्त्याहप्त्याने.

आधी मोठं बिल आलं. मीटर बिघडला असेल असं बायकांना वाटलं. मार्थाबाई वीज कंपनीत गेल्या. तिथल्या माणसाने रजिस्टर बघून सांगितलं, तुम्ही विकल्प दिला नाही, मुदत संपली. विकल्प म्हणजे काय हे त्यांनी तिथल्याच एका बाईला विचारलं. पुढच्या महिन्यातही तसंच बिल. मग बायकांनी ठरवलं, संध्याकाळी सातनंतर मशीन बंद ठेवायचं, दार घट्ट लावलं की गारवा राहील. तो राहिला नाही. नाताळच्या आधीच्या आठवड्यात आग्नेसची पापलेटं खराब झाली, सगळीच्या सगळी. तिने मार्थाबाईंना बंदरावर, सगळ्यांदेखत, विचारलं की तुला कागद मिळाला होता ना, तू म्हणालीस काय करायचं नाही, कुणाच्या सांगण्यावरून म्हणालीस? मार्थाबाईंनी सांगितलं नाही. त्यांना अध्यक्षपदावरून काढलं. दोन जावांच्या घरांत एकच भिंत, पण बोलणं बंद. कोल्ड रूम बंद पडली. आता तिथे जाळी ठेवतात.

व्यापाऱ्याचे दिवस परत आले. आमच्याकडचा मासाही बदलला. मार्थाबाई पाटी उतरवायच्या आणि सुजाताला आधीच सांगायच्या, “वैनी, कालचं हाय. तुमाला नको देते.” सुजाता म्हणायची, असू दे, घेते मी. त्या देत नसत. हळूहळू त्यांचं येणंच कमी झालं. मग गुडघा गेला आणि त्या मासळी बाजारात दुसऱ्या बाईच्या गाळ्यावर मासे साफ करून द्यायला बसू लागल्या. सुजाता म्हणायची, किती खचल्यात हो त्या. मी म्हणायचो, वय झालं.

त्याच वर्षी मी अधीक्षक झालो. ऑफिसात पेढे वाटले.

माझं इथेच संपलं असतं तर एक भित्रा माणूस म्हणून मी स्वतःला कुठेतरी बसवून टाकलं असतं. पण गेल्या वर्षी एका संस्थेची बाई त्या सगळ्या पट्ट्यात फिरली. ज्या गटांचा विकल्प राहून गेला त्यांचे अर्ज ती करून देत होती. कुणी सरकारी माणसाने चुकीची माहिती दिल्यामुळे मुदत हुकली असेल तर पुन्हा विचार होऊ शकतो, अशी वाट तिने शोधून काढली होती. फक्त कुणी सांगितलं, त्याचं नाव लिहून द्यायचं.

एका रविवारी दुपारी मार्थाबाई आल्या, पाटी नव्हती. सुजाता काशीगावला बहिणीकडे गेली होती. मी चहा केला. त्यांनी कप दोन्ही हातांत धरला.

“आमचा अर्ज झाला, भाऊ,” त्या म्हणाल्या. “त्या बाईनं लई इचारलं, कोनी सांगितलं म्हनून. तुमचं नाव न्हाय घातलं मी. तेच सांगाया आले.”

मी विचारलं, का नाही घातलं.

“तुमची नोकरी हाय. आनि तुमाला तरी कुटं म्हायती होतं? तुमालाबी त्यानी फसवलंच ना.”

मी मान हलवली. हो अशी.

अर्ज अजून गेला नव्हता, दोन दिवसांनी जाणार होता. नाव घाला, एवढं म्हणायला एक श्वास लागला असता. चौदा बायकांची खोली उघडली असती की नाही, मला माहीत नाही. पण ऐकून तरी घेतलं असतं कुणीतरी. मी विचारलं, बिस्किट देऊ का.

त्या अर्जाचं उत्तर फिरत फिरत माझ्याच टेबलावर आलं. माझ्या हाताखाली आता एक नवीन अनुवादक मुलगी आहे, तिने मराठी केलं होतं. स्वच्छ लिहिते ती. ‘चुकीची महिती देणाऱ्या व्यक्तीचे नाव अर्जात नमूद केलेले नाही, सबब विनंती मान्य करता येत नाही.’ खाली गटाचं नाव, मु. तारोडी. ‘महिती’ला काना राहिला होता. तो मी दिला आणि सही केली.

परवा मार्थाबाई ते पत्र घेऊन आल्या. सुजाता आत कणीक मळत होती. त्यांनी पत्र माझ्यापुढे धरलं, नेहमीसारखंच. मी मोठ्याने वाचलं आणि अर्थ सांगितला. बरोबर सांगितला. मग त्यांनी विचारलं, “नाव घातलं असतं तर झालं असतं का हो?”

मी म्हणालो, सांगता येत नाही.

त्यांनी पत्राची घडी घातली. सुजाताला बाहेरूनच हाक मारून येते म्हणाल्या. लिफ्ट बंद होती. त्या जिना उतरू लागल्या, एक हात कठड्यावर, गुडघा जपत, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत. मी दारात उभा होतो. खालच्या दोन मजल्यांपर्यंत त्यांच्या चपला ऐकू येत होत्या. मी हाक मारली नाही.